वैद्याचा अपराध आणि रोग्याची दाद : काल्हेरच्या खाडीकांठावरून एक टिपण

(१)

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना खाडी ओलांडली म्हणजे कशेळी व काल्हेर हीं गांवें लागतात. त्यांपैकीं काल्हेर हें भिवंडी तालुक्यांतील गांव आज गोदामांकरितां ओळखलें जातें. मुंबईच्या बाजारपेठेचा माल येथें उतरतो, सांठविला जातो व पुढें रवाना होतो. आणि त्या निमित्तानें हमाल, गाडीवान, कारकून, यंत्रमागावरील कारागीर अशा हातावर पोट असलेल्या लोकांची दाट वस्ती ह्या टापूंत झाली आहे. अशा गांवीं एखाद्या घरचा कर्ता माणूस वैद्याच्या निष्काळजीपणामुळें पांगळा झाला किंवा दगावला, तर त्या घरच्या मंडळींनीं दाद कोठें मागावी, कोणत्या आधारावर मागावी, आणि दाद लागल्यास त्यांच्या पदरांत काय पडावें, हे तीन प्रश्न उभे राहतात.

हे प्रश्न वकिलांचे आहेत, संशोधकांचे नव्हत, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. चुकलेल्या वैद्यास शासन करण्याचा विचार आपल्या देशांत फार जुना आहे व त्याचे ग्रंथाधार उपलब्ध आहेत. परंतु त्या शासनांतून निघणारें द्रव्य कोणाच्या हातीं जावें, राजाच्या कीं रोग्याच्या, हा वाद मात्र अगदीं अलीकडे निकालांत निघाला. शिवाय हा सर्व इतिहास अखेरीस कागदावर येऊन ठेपतो; आणि कागद कोणता टिकतो, कोणता नष्ट होतो व कां, हा तर आमचा नित्याचाच विषय आहे. ह्या दोन गोष्टी क्रमानें मांडण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(२)

प्रथम स्थळाविषयीं थोडें. कल्याण-भिवंडीचा प्रांत निजामशाहीकडून विजापूरकरांकडे इ. स. १६३६ त गेला व इ. स. १६५७ त शिवाजीमहाराजांनीं तो घेतला. खाडीपलीकडील साष्टी बेट त्या वेळीं पोर्तुगीजांकडे होतें; तें मराठ्यांनीं इ. स. १७३७ त घेतलें आणि इ. स. १७७४ च्या डिसेंबरांत ठाणें जिंकून इंग्रजांनीं तें आपल्याकडे ओढलें. पुढें इ. स. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली. भिवंडीची बाजू पेशव्यांकडे राहिली, ती इ. स. १८१७ च्या पुणें येथील तहापर्यंत. म्हणजे जवळजवळ चाळीस वगळतां बाकीचीं शेंदीडशें वर्षें काल्हेरच्या तीरावर उभ्या असलेल्या माणसास समोर दिसणारा किनारा परक्या अंमलाखालीं होता. अलीकडे एक न्याय व पलीकडे दुसरा, अशी ही खाडी होती. आज त्याच ठाण्यांत काल्हेरकरांचें जिल्हा न्यायालय आहे व ग्राहकांच्या तक्रारींचा जिल्हा आयोगही तेथेंच आहे. ह्या दोन न्यायपद्धतींपैकीं प्रत्येकीनें वैद्याच्या अपराधाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, तें पाहूं.

(३)

आपल्याकडील सर्वांत स्पष्ट आधार कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मिळतो. हा ग्रंथ केवळ नांवानें माहीत होता. त्याची ताडपत्री पोथी म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयांत इ. स. १९०५ त श्यामशास्त्री यांच्या हातीं आली व इ. स. १९०९ त ती छापली गेली. एका पोथीनें एका देशाच्या राज्यनीतीचा इतिहास कसा पालटतो, ह्याचें हें ठळक उदाहरण होय. कंटकशोधन नांवाच्या चौथ्या अधिकरणाच्या आरंभीं विणकर, परीट, सोनार इत्यादि कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें हें सांगतांना कौटिल्यानें त्याच प्रकरणांत वैद्यालाही बसविलें आहे. भिवंडीसारख्या मागांच्या गांवाजवळ राहणाऱ्यास विणकर व वैद्य हे एका पंक्तीस आलेले पाहून मौज वाटेल; पण त्यामागील विचार गंभीर आहे. दोघेही आपल्या कसबाच्या भरंवशावर दुसऱ्याची वस्तु हातांत घेतात. एकाच्या हातीं सूत असतें, दुसऱ्याच्या हातीं प्राण.

तेथील नियम तीन पायऱ्यांचा आहे. जिवावर बेतणाऱ्या दुखण्यांत वर्दी न देतां वैद्यानें उपचार केले व रोगी दगावला, तर त्यास प्रथम साहसदंड. उपचारांतील चुकीमुळेंच मृत्यु आला, तर मध्यम साहसदंड. मर्मस्थानीं इजा झाली किंवा अंगास वैगुण्य आलें, तर तो प्रकार दंडपारुष्याचा, म्हणजे मारहाणीच्या जातीचा, समजावा. रोगी मेला एवढ्यावरून वैद्य अपराधी ठरत नाहीं, आणि आधीं वर्दी दिली होती कीं नाहीं ह्याला महत्त्व आहे, ह्या दोन गोष्टी येथें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत खोटा उपचार करणाऱ्यास जनावरांच्या बाबतींत प्रथम व माणसांच्या बाबतींत मध्यम दंड सांगितला आहे. मनूच्या मापानें हे आंकडे २५० व ५०० पण होतात. याज्ञवल्क्यानें ह्यांत तिसरी पायरी घातली. त्याच्या मतें जनावरास २७०, सामान्य माणसास ५४० व राजपुरुषास अपाय झाल्यास १०८० पण, असा हा चढता दंड आहे. एकाच चुकीची किंमत रोग्याच्या दर्जावरून ठरत असे, हें येथें उघड दिसतें.

याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची टीका पश्चिम चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजवटींत कल्याणी येथें झाली. हें कल्याणी म्हणजे बिदरकडील बसवकल्याण होय. काल्हेरच्या शेजारचें कल्याण नव्हे, एवढें नामसादृश्यामुळें सांगणें भाग आहे. महाराष्ट्रांत शतकानुशतकें जी टीका प्रमाण मानली गेली तिनें ‘मिथ्या’ ह्या शब्दाचा अर्थ असा उलगडला आहे कीं, जो आयुर्वेद न जाणतां केवळ उदरनिर्वाहासाठीं आपण चिकित्सा जाणतों असें सांगून रोग्यास हात लावतो, तो मिथ्या वैद्य. म्हणजे अपराध केवळ वाईट परिणामांत नाहीं. नसलेलें ज्ञान आहे म्हणून भासविण्यांत तो आहे. सुश्रुतानेंही वैद्यानें राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायास लागावें असें सांगून, कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्याच दोषामुळें, असा ठपका राजावर ठेवला आहे.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हे पण जात कोठें? दंड हा राजाचा. दुखापतीच्या प्रकरणांत मात्र स्मृतिकारांनीं एक निराळी सोय केली आहे. जो दुसऱ्यास इजा करील त्यानें राजास दंड द्यावाच, शिवाय जखमी बरा होईपर्यंतचा खर्चही द्यावा. ह्या खर्चास ‘समुत्थानव्यय’ अशी संज्ञा आहे, आणि ती मनु व याज्ञवल्क्य ह्या दोघांतही आढळते. कौटिल्यानें वैद्यकृत वैगुण्यास दंडपारुष्याच्या सदरांत घातल्यामुळें पांगळ्या झालेल्या रोग्यास ह्या सोयीचा आधार घेतां येतो, असें आम्हांस वाटतें. परंतु रोगी मेला तर? उठून उभा राहणाराच उरला नाहीं, तेव्हां समुत्थानाचा खर्चही उरला नाहीं. अपाय जितका मोठा तितका रोग्याच्या घरचा हक्क लहान, असा हा विपरीत प्रकार आहे. तो आपल्याच शास्त्रांत आहे असें नव्हे. इंग्रजी कायद्यांतही तो होता, हें पुढें दिसेल.

(४)

मराठी अमदानींतील न्यायाची रीत आमच्या वाचकांस विदितच आहे. वादी-प्रतिवाद्यांनीं राजीनामे व जामीन द्यावे, आपापल्या तक्रिरा लिहून द्याव्या, साक्षी-पुरावा व्हावा, गोत किंवा पंचाईत बसून महजर अथवा निवाडपत्र व्हावें, हरलेल्यानें येजितखत लिहून द्यावें. पुढें जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारांत जमा व्हावी. वाद कोणाचाही असो, दोन्हीकडून सरकारचें येणें असेच. दंड राजाचा, हें स्मृतींतील तत्त्व येथें व्यवहारांत उतरलेलें दिसतें.

पण ह्या निवाडपत्रांचा विषय काय असतो, इकडे आम्ही संग्राहकांचें लक्ष वेधूं इच्छितों. देशमुखी, पाटिलकी, कुळकर्ण, जोशीपण, शींव, पाणी, मानपान ह्यांचे महजर आपल्या संग्रहांतून शेकड्यांनीं निघतात. त्याचें कारण, तेवढेच तंटे होत असत, हें नव्हे. ज्या कागदावर वतन टिकतें तो कागद घराणें टिकवितें. तो रुमालांत बांधला जातो, वाड्याच्या भिंतींत लपविला जातो, वाटणीच्या वेळीं त्याच्या नकला होतात. उलट, चुकीच्या औषधानें कोणाचा मुलगा गेला तर त्याबद्दलच्या कागदावर कोणाचेंच बिघाभर रान अवलंबून नव्हतें. तेव्हां तो जपून ठेवण्याचें कारणही कोणास पडलें नाहीं. आपल्या दप्तरांतून जें दिसतें तें समाजाचें चित्र खरें, पण तें वतनदाराच्या खिडकींतून दिसणारें चित्र होय. रोग्याच्या हातीं टिकाऊ कागद येण्यास त्याचें दुःख हा एक हक्क ठरावा लागला, आणि तें कार्य पुढील शतकांत झालें.

(५)

खाडीपलीकडून आलेल्या कायद्याचा मूळ धागा लंडन येथील इ. स. १७६७ च्या एका खटल्यापर्यंत नेतां येतो. एका मनुष्याचा मोडलेला पाय सांधत आला असतां त्यावरील बंध सोडण्यास त्यानें एक शस्त्रवैद्य व एक औषधविक्या यांस बोलाविलें. त्यांनीं सांधलेलें हाड पुन्हां मोडून त्यावर एक नवें यंत्र चढविलें. न्यायालयानें इतर शस्त्रवैद्यांच्या साक्षी घेतल्या, धंद्याची रूढ रीत काय ती पाहिली, आणि ह्या रीतीविरुद्ध व रोग्याच्या संमतीवांचून केलेल्या कृत्याबद्दल ५०० पौंडांचा निकाल कायम केला. येथें दंड राजाकडे गेला नाहीं, रक्कम रोग्याच्या हातीं पडली. आणि वैद्याची चूक मोजण्याचें माप त्याच्याच समव्यवसायी लोकांकडून घेण्यांत आलें.

तथापि हा रोगी जिवंत होता. इ. स. १८०८ त इंग्लंडांतील एका निकालानें असें ठरलें कीं, माणसाचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत भरपाई मागण्याजोगी हानि नव्हे. म्हणजे समुत्थानव्ययाच्या बाबतींत आपल्याकडे जी उणीव होती तीच तिकडेही होती. ती इ. स. १८४६ त पार्लमेंटच्या कायद्यानें भरून निघाली, आणि हिंदुस्थानांत त्याच धर्तीचा इ. स. १८५५ चा तेरावा कायदा झाला. दुसऱ्याच्या गैरकृत्यानें किंवा हयगयीनें कोणी मेला तर त्याची पत्नी, पति, आईबाप व मुलें यांच्या वतीनें नुकसानभरपाईचा दावा चालावा, अशी ह्या कायद्याची तरतूद आहे. हा लहानसा कायदा आमच्या मतें ह्या सर्व इतिहासांतील खरा सांधा होय. मृताच्या घरच्या मंडळींस स्वतःच्या नांवानें न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचा अधिकार त्यानें दिला.

फौजदारी बाजू निराळी चालली. इ. स. १८६० च्या दंडसंहितेंत अविचारानें वा हयगयीनें घडलेल्या मृत्यूचें स्वतंत्र कलम नव्हतें. तें ३०४-अ ह्या अंकानें इ. स. १८७० त घालण्यांत आलें. त्या कलमाखालीं कलकत्त्याच्या हायकोर्टापुढें इ. स. १८८७ त एका कविराजाचा खटला गेला. मूळव्याधीवर त्यानें साध्या सुरीनें शस्त्रक्रिया केली व रक्तस्राव होऊन रोगी मेला. अशा शस्त्रक्रिया पूर्वीं केल्या आहेत ही त्याची सबब चालली नाहीं व त्यास शिक्षा झाली. विज्ञानेश्वराचा मिथ्या वैद्य येथें नव्या वेषांत उभा आहे. व्यवसायाची अनुज्ञा देण्याचें जें काम सुश्रुतानें राजाकडे सोंपविलें होतें, तें मुंबई इलाख्यांत इ. स. १९१२ च्या कायद्यानें डॉक्टरांपुरतें व इ. स. १९३८ च्या कायद्यानें वैद्य-हकिमांपुरतें नोंदणीपुस्तकांकडे आलें.

(६)

आतां आम्ही ह्या टिपणाच्या मुख्य प्रकरणाकडे वळतों. काल्हेरप्रमाणेंच समुद्रालगतचें, कोंकणांतीलच पण दूर दक्षिणेचें, रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत हें गांव आहे. तेथें ता. ६ मे १९५३ रोजीं सूर्यास्ताच्या सुमारास वाळूच्या किनाऱ्यावर सुमारें वीस वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवांतून खाट आणून त्यास घरीं नेईपर्यंत रात्र झाली. स्थानिक वैद्यानें पायास लांकडी फळ्या बांधल्या व दुसऱ्या दिवशीं पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. पुढें फळ्यांच्या जागीं योग्य बंध लावून मुलास मोटारींतून निजवून नेलें. सुमारें २०० मैलांचा प्रवास करून ता. ९ मे रोजीं दुपारच्या आधीं मंडळी पुण्यास पोंचली. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर असून दौंडास व्यवसाय करीत. तेही पुण्यास आले.

दुपारीं सव्वादोनच्या सुमारास मुलगा एका शस्त्रवैद्याच्या रुग्णालयांत दाखल झाला. वेदनाशामक म्हणून मॉर्फियाचीं दोन इंजेक्शनें तासाच्या अंतरानें देण्याची सूचना झाली होती, पण एकच देण्यांत आलें. क्ष-किरणांचे फोटो घेऊन शस्त्रक्रियागृहांत पायास प्लास्टर घालण्यांत आलें. साडेपांचला मुलास खोलींत आणलें. सात वाजेपर्यंत गुंगी उतरेल ह्या आश्वासनावर वडील दौंडास परतले. आई जवळ राहिली. साडेसहाला मुलास श्वास घेण्यास त्रास होऊं लागला, आणि रात्रीं नऊ वाजतां तो गेला. मेदाचे कण रक्तवाहिन्यांत अडकल्यामुळें मृत्यु आला असें प्रमाणपत्र मिळालें.

आईबापांनीं भरपाईचा दावा आणला. त्यांचें म्हणणें असें कीं, रोग्यास पुरती भूल न देतां तीन मदतनिसांच्या साहाय्यानें अतिरिक्त जोर लावून हाड बसविण्यांत आलें व त्या धक्क्यानें मुलगा गेला. प्रतिवादीचें म्हणणें असें कीं, लांबच्या प्रवासानें थकलेल्या रोग्याचें हाड बसविण्याचें काम आपण पुढें ढकललें होतें व पाय हलूं नये एवढ्यापुरतेंच हलकें प्लास्टर घातलें होतें. प्रथम न्यायालयानें वादींचें म्हणणें मानून रु. ३,००० ची भरपाई ठरविली. मुंबई उच्च न्यायालयानें तो निकाल उचलून धरला, आणि ता. २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें न्यायमूर्ति शेलत यांच्या निकालपत्रानें प्रतिवादीचें अपील फेटाळलें. मृत्यूचें खरें कारण धक्का हें असून प्रमाणपत्रांतील कारण तें झांकण्यासाठीं पुढें केलें गेलें, असा निष्कर्ष खालच्या न्यायालयांचा होता, व तो अबाधित राहिला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ ह्या नांवानें हा निकाल कायद्याच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे, आणि हिंदुस्थानांतील ह्या विषयावरील पुढील बहुतेक निकालांचा तो पाया आहे.

ह्या निकालानें वैद्याचीं तीन कर्तव्यें सांगितलीं. रोगी पत्करावा कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि प्रत्यक्ष उपचार करितांना, अशा तिन्ही वेळीं त्यानें योग्य काळजी घेतली पाहिजे. ही काळजी सर्वश्रेष्ठ वैद्याची नको व अगदीं हलक्या प्रतीचीही चालणार नाहीं. मध्यम व वाजवी असावी. उपचार करण्यास जो पुढें होतो तो आपणांपाशीं त्यापुरतें ज्ञान व कसब आहे असें न बोलतांच कबूल करितो, हें त्यांतील तत्त्व मिताक्षरेच्या ‘मी चिकित्सा जाणतों’ असें म्हणणाऱ्या वैद्याशीं ताडून पाहावें.

रु. ३,००० ही रक्कम तरण्या मुलाच्या जिवापुढें काय आहे, असें कोणीही विचारील. मृत्यूपासून शेवटच्या निकालापर्यंत लागलेला काळ एका आठवड्यानें कमी अशीं पुरतीं १५ वर्षें आहे. फिर्यादी बाप स्वतः डॉक्टर होता. प्लास्टर, मॉर्फिया व धक्का ह्यांचा अर्थ त्यास कळत होता. ज्या घरांत असें कोणी नाहीं, त्या घरानें हा मार्ग कसा चालावा? ह्या प्रश्नाचें उत्तर पुढील प्रकरणांत अंशतः मिळतें.

(७)

औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयांत इ. स. १९६३ च्या जुलैंत एक स्त्री बाळंत झाली व त्यानंतर तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पुढें ताप व असह्य वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हां उघडलें तेव्हां आंत शस्त्रक्रियेच्या वेळचें कापड राहून गेलेलें आढळलें. ता. २४ जुलै १९६३ रोजीं ती मरण पावली. तिच्या पतीनें व मुलांनीं सरकारवर दावा केला. प्रथम न्यायालयानें रु. ३६,००० देवविले, उच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयानें ता. २० फेब्रुवारी १९९६ रोजीं मूळ हुकूम पुन्हां कायम केला. तोपर्यंत ३२ वर्षें उलटून गेलीं होतीं.

ह्या निकालाचें महत्त्व दोन प्रकारचें आहे. पोटांत कापड राहिलें ही वस्तुस्थितीच हयगय सांगते. नेमक्या कोणत्या हातानें तें राहिलें हें रोग्याच्या घरच्यांनीं सिद्ध करीत बसण्याचें कारण नाहीं, हा पहिला मुद्दा. डॉक्टर नसलेल्या घरास ह्याचा मोठाच आधार आहे. दुसरा मुद्दा असा कीं, रुग्णालय चालविणें हें राजसत्तेचें असें कार्य नव्हे कीं ज्याच्या आड सरकारनें आपली जबाबदारी टाळावी. याज्ञवल्क्याच्या काळीं राजपुरुषास अपाय झाला तर दंड दुप्पट होत असे व तो राजा घेत असे. येथें राजपुरुषाच्या हातून प्रजेस अपाय झाला व द्रव्य राजास द्यावें लागलें. हें चक्र पुरें फिरण्यास किती काळ लागला, ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा.

(८)

मधल्या काळांत एक तिसरा मार्ग निघाला. इ. स. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांसही लागू आहे असें सर्वोच्च न्यायालयानें ता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं ठरविलें. मात्र जेथें सर्वांस फुकट उपचार मिळतो तें रुग्णालय त्यांतून वगळलें. तेथील रोग्यास औरंगाबादच्या कुटुंबाप्रमाणें दिवाणी दावाच करावा लागतो. पुढल्याच वर्षीं मुंबईचें एक प्रकरण ह्या मार्गानें निकालास गेलें. होमिओपथीची पदवी असलेल्या वैद्यानें एका तापकऱ्यास ॲलोपथीचीं औषधें दिलीं व तो इ. स. १९९२ त मरण पावला. जी विद्या शिकली नाहीं तिचा प्रयोग करणें हीच हयगय, निराळ्या पुराव्याची गरज नाहीं, असें ता. १० मे १९९६ च्या निकालांत ठरून विधवेस रु. ३ लाख भरपाई व खर्च मिळाला. विज्ञानेश्वराचें वाक्य समोर ठेवून हा निकाल वाचला तर दोहोंतील अंतर सुमारें नऊशें वर्षांचें आहे असें वाटणार नाहीं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, कीं ५४० पण राजाकडे जात, आणि हे तीन लाख विधवेकडे गेले.

फौजदारी बाजूस न्यायालयांनीं हात आंखडता ठेवला. हयगय ढळढळीत व अक्षम्य असल्यावांचून डॉक्टरास गुन्हेगार समजूं नये, आणि पोलिसांनीं आधीं निःपक्षपाती वैद्यकीय मत घ्यावें, असें इ. स. २००५ त ठरलें. जिवावरच्या दुखण्यास हात घालणाऱ्यास धास्तीनें मागें हटावें लागूं नये, हा त्यांतील हेतु रास्त आहे. ता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली. तिच्या १०६ व्या कलमांत सामान्य माणसाच्या हयगयीच्या मृत्यूस पांच वर्षांपर्यंत, पण नोंदणीकृत वैद्यकास उपचार करितांना झालेल्या अशा मृत्यूबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

तेव्हां काल्हेरच्या कुटुंबापुढें आज चार दारें आहेत. पैसे देऊन उपचार घेतला असेल तर ग्राहक आयोग, इ. स. २०१९ च्या नव्या कायद्यानें तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यांतच, म्हणजे ठाण्यास, तक्रार करतां येते, मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं, पण दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. दुसरें दार दिवाणी दाव्याचें. तिसरें फौजदारी फिर्यादीचें. चौथें महाराष्ट्र वैद्यक परिषदेचें. तेथें डॉक्टरचें नांव नोंदणीपुस्तकांतून उतरूं शकतें, भरपाई मिळत नाहीं. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांसाठीं विधि सेवा प्राधिकरण कायदा (इ. स. १९८७) आहे, त्याखालीं स्त्रिया, बालकें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांस मोफत वकील मिळण्याचा अधिकार असून जिल्हा प्राधिकरण ठाण्यासच आहे. गोदामांतील हमाल व मागावरील बाई ह्यांच्यासाठींच जणूं ही यादी केलेली आहे.

(९)

ह्या चारही दारांशीं द्वारपाल एकच, तो म्हणजे कागद. केसपेपर, औषधाची चिठ्ठी, भूल देण्याची संमति, क्ष-किरणाचा फोटो, पावती, मृत्यूचें प्रमाणपत्र ह्यांवांचून कोणताही आयोग पुढें जाऊं शकत नाहीं. पूर्वीं हे कागद रुग्णालयाच्या कपाटांत बंद असत. केसपेपरच्या नकला रोग्यास वा त्याच्या नातलगांस दिल्या पाहिजेत असें मुंबई उच्च न्यायालयानें इ. स. १९९६ त ठरविलें; आणि इ. स. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांनीं दाखल रोग्यांचे कागद तीन वर्षें राखावे व मागितल्यापासून ७२ तासांच्या आंत द्यावे, असें बंधन घातलें. रोग्याच्या हातीं कागद देणारा हा नियम, आमच्या दृष्टीनें, महजराची नकल वादीस देण्याच्या जुन्या रिवाजाइतकाच मोलाचा आहे.

परंतु तीन वर्षें म्हणजे किती? वर पाहिलेले दोन दावे १५ व ३२ वर्षें चालले. न्यायालयांतील जुनीं दप्तरेंही इ. स. १९१७ च्या दप्तर-नाशाच्या कायद्याखालीं केलेल्या नियमांनुसार मुदत भरतांच नष्ट होतात. छापील निकालपत्र उरतें. पण त्यामागील आईची जबानी, वडिलांचीं पत्रें, परिचारिकेची नोंद, साक्षीदाराचा अंगठा हें सर्व रद्दींत जातें. वतनाच्या कागदांप्रमाणें हे कागद जपणारें घराणें नसतें. खटला संपला कीं ते डोळ्यांपुढें नकोसे वाटतात. म्हणून आमची संग्राहकांस विनंती अशी कीं, ठाणें, भिवंडी, कल्याण ह्या टापूंत जुन्या वकिलांच्या माळ्यांवर, वैद्यांच्या घरीं, दवाखान्यांच्या अडगळींत जेथें अशीं दप्तरें आढळतील तेथें तीं मालकांच्या अनुमतीनें उतरवून घ्यावीं, रोग्यांचीं नांवें झांकावीं, व याद्या कराव्या. रुमाल उघडतांना मोडी लिपींतील महजराकडे जसा आपला हात प्रथम जातो, तसाच तो एखाद्या फाटक्या औषधाच्या चिठ्ठीकडेही जावा. वतनदाराचा इतिहास आपण पुष्कळ जमविला. ज्यास वतन नव्हतें, केवळ शरीर होतें, आणि त्या शरीरास झालेल्या अपायाची दाद मागण्यास जो खाडी ओलांडून ठाण्यास गेला, त्याचा इतिहास जमविण्यास आतां आरंभ करणें अवश्य आहे.